प्रकल्प नोंदी: केस उपटण्याची ओढ आणि ताटातले बदल

४ जानेवारी

आजपासून नोंदी सुरू. प्रश्न एकच आहे. खाण्यापिण्यात बदल केला तर माझं केस उपटणं कमी होतं का? होत असेल तर नेमक्या कोणत्या बदलामुळे, आणि तो बदल कायम पाळता येण्याजोगा आहे का?

हा त्रास ज्यांनी जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. याचं वैद्यकीय नाव ट्रायकोटिलोमेनिया. १८८९ मध्ये आंरी अलोपो या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञानं हे नाव दिलं. आधी हा आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत धरला जायचा. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाच्या ग्रंथात, तो ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, आणि त्याच्या जवळच्या विकारांत गेला. अमेरिकेत दहा हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात हे प्रमाण १.७ टक्के निघालं. म्हणजे शंभरात एकदोघांना. तरीही ज्याला होतं त्याला वाटतं की जगात असलं काही करणारी आपण एकटीच. बहुतेकांचं दहा ते तेरा वर्षांच्या वयात सुरू होतं, माझंही शाळेतच झालं.

आहाराकडे वळण्याचं कारण म्हणजे या त्रासातल्या लोकांमध्ये वर्षानुवर्षं हातोहात फिरत आलेली एक यादी. साखर बंद, कॅफीन बंद, चॉकलेट बंद, डाळी-कडधान्यं बंद, अंड्याचा बलक बंद. ती पाळून बरं वाटल्याचं सांगणारे लोक आहेत आणि ते खोटं बोलत नाहीत. पण बरं वाटलं ते यादीमुळे की आणखी कशामुळे, हे मला स्वतःवर तपासून पाहायचं आहे.

ताई म्हणाली, "एकदम सगळंच बंद करून बघ ना, लवकर कळेल." एकदम बंद केलं आणि फरक पडला, तर तो कशानं पडला हे कधीच कळणार नाही आणि पाचही गोष्टी जन्मभर सोडाव्या लागतील. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिला ते पटलं. तक्ते तीच सांभाळणार आहे.

७ जानेवारी

मोजायचं कसं, यावर आज मॅडमशी, म्हणजे माझ्या मानसशास्त्रज्ञांशी, सविस्तर बोलणं झालं. "आज कमी उपटले" या अंदाजाला काही अर्थ नाही. दिवस चांगला गेला असेल तर कमी वाटतात, वाईट गेला तर जास्त.

ठरलं ते असं. रोज उपटलेले केस एका पाकिटात जमा करायचे आणि पाकिटावर तारीख घालायची. वर्तनोपचारात ही पद्धत जुनी आहे. दर रविवारी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलची केस उपटण्याची मोजपट्टी भरायची. तिच्यात सात प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण २८. ओढ किती वेळा आली, किती जोराची होती, आवरता आली का, हात किती वेळा गेला, थांबवायचा प्रयत्न केला का, थांबवता आला का, मनाला किती लागलं, हे ते प्रश्न. महिन्याला एकदा त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात टाळूचा फोटो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे फोटोत काही दिसायला वेळ लागणारच.

आणखी दोन रकाने मी आग्रहानं घातले, शेवटचं खाणं किती वाजता झालं आणि आदल्या रात्री झोप किती झाली. पुढे या दोन रकान्यांनीच सगळ्यात जास्त सांगावं अशी माझी आशा आहे, कारण माझी संध्याकाळ नेहमीच वाईट जाते.

हात दोन तऱ्हांनी जातो, हेही लिहायचं. एक म्हणजे वाचताना, पडद्याकडे बघताना, नकळत. भानावर येते तोवर बोटांत केस असतो. दुसरी म्हणजे जाणूनबुजून, विशिष्ट जाड, खरखरीत केस शोधून. पहिल्या तऱ्हेपुढे "अ", दुसरीपुढे "ज".

१२ जानेवारी

डॉक्टरांकडे जाऊन आले. आहारात काही कमी करण्याआधी रक्ततपासणी करून घ्यायचीच होती. हिमोग्लोबिन, फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो), बी-१२, थायरॉइड. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "केस तोंडात जातात का? गिळले जातात का?" हा प्रश्न विचारायला हवाच. काही जण केसाचं मूळ दातांनी चावतात, काही जण अख्खा केस गिळतात. केस पचत नाही. तो जठरात साठत गेला तर त्याचा गोळा होतो आणि कधी कधी शस्त्रक्रियेनं काढावा लागतो. पोट दुखणं, उलट्या, थोडंसं खाल्लं तरी पोट भरणं, वजन उतरणं यातलं काही असेल तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी पोट तपासून घ्यायचं. मी मूळ ओठांवरून फिरवते, पण गिळत नाही.

दुसरा प्रश्न होता, "केसांसाठी कुठल्या गोळ्या घेता का?" बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाची गोळी चालू होती. डॉक्टरांनी ती थांबवायला सांगून तपासणी पुढच्या आठवड्यावर ढकलली. जास्त मात्रेतलं बायोटिन रक्ताच्या काही चाचण्यांत घोळ घालतं. थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, आणि हृदयविकाराच्या झटक्यात पाहतात ती ट्रोपोनिनची चाचणीही खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे अन्न-औषध नियामक संस्थेनं, २०१७ मध्येच हा इशारा दिला आहे. बायोटिनची खरी कमतरता तशी विरळाच. आणि केस जिथून उगवतो तो त्वचेतला कोश शाबूत असेल तर केस आपणहून येतोच, त्याला हवा असतो तो निवांतपणा. ही गोळी माझ्या प्रयोगातून कायमची बाहेर.

२० जानेवारी

तपासण्या आल्या. फेरिटिन कमी, बाकी ठीक. लोहाच्या गोळ्या चालू केल्या. त्यांचा केस उपटण्याशी संबंध आहे असा माझा दावा नाही. त्या थकव्यासाठी.

२६ जानेवारी

अजून खाण्यात काहीही बदललेलं नाही आणि तरीही पाकिटं हलकी होत चालली आहेत. मॅडमना याचं नवल वाटलं नाही. नोंद ठेवू लागलं की हात कुठे आहे याचं भान येतं, आणि नुसत्या भानानंही उपटणं थोडं उतरतं. दुसरी गोष्ट अशी की माणूस नवा उपाय सुरू करतो तो सगळ्यात वाईट दिवसांत. त्यानंतर काही केलं नाही तरी पुढचे दिवस जरा बरे येतातच.

ही घसरण मला महत्त्वाची वाटते. आजच साखर सोडली असती, तर हा सगळा उतार मी साखरेच्या नावावर जमा केला असता. यादी पाळून बरं वाटलेल्या कितीतरी जणांच्या अनुभवात हे दोन्ही मिसळलेलं असणार. म्हणून रेघ सपाट होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. ताई उतावीळ झाली आहे, पण ऐकते आहे.

९ फेब्रुवारी

रेघ सपाट झाली. मोजपट्टीवर १७ च्या आसपास. हीच सुरुवातीची पातळी धरायची.

पहिली पाळी कॅफीनची. डोळे झाकून तपासता येईल अशी यादीतली ही एकच गोष्ट, म्हणून तिच्यापासून सुरुवात. ताई दोन बरण्या भरणार, "क" आणि "ख". एकीत नेहमीची कॉफी, दुसरीत कॅफीन काढून टाकलेली. कोणती कशात हे फक्त तिला ठाऊक, आणि ते कागदावर लिहून तिनं पाकीट बंद करून ठेवलं आहे. चहा आणि चॉकलेट या काळात पूर्ण बंद.

एक अडचण आधीच निस्तरायला हवी. रोजची कॉफी अचानक तोडली की साधारण बारा ते चोवीस तासांत डोकं दुखू लागतं, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. हे काही दिवस, कधी आठवडाभरही चालतं. अशा स्थितीत हात डोक्याकडे जास्त गेला तर तो कॅफीन नसल्याचा परिणाम की ते अचानक तोडल्याचा त्रास, हे कळायचं नाही. शिवाय डोकं दुखू लागलं की बरणी कोणती हेही मला कळून जाईल. म्हणून आधी कप हळूहळू कमी करायचे, आणि प्रत्येक बदलीनंतरचे पहिले काही दिवस हिशोबात धरायचे नाहीत.

१ मार्च

"क" चालू. नोंदी वेळेवर. विशेष काही नाही.

१६ मार्च

पाकीट उघडलं. "क" साधी होती, "ख" कॅफीन काढलेली.

दिवसाच्या उपटण्यात दोघींत म्हणण्यासारखा फरक नाही. हे वाचून मी थोडी हिरमुसले, कारण कॅफीनवर माझा भरवसा होता. पण ताईनं झोपेचा रकाना शेजारी ठेवला आणि चित्र पालटलं. साध्या कॉफीच्या दिवसांत, दुपारनंतर कप घेतला असेल तेव्हा, झोप उशिरा लागली आहे आणि तुटक झाली आहे. अशा रात्रीनंतरच्या संध्याकाळी "अ"च्या नोंदी, म्हणजे नकळत उपटणं, ठळकपणे जास्त. सकाळच्या कपाचा असा काही माग दिसत नाही.

हे पटण्यासारखं आहे. कॅफीन शरीरात निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, कुणाला तीन, कुणाला सात. २०१३ च्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिल्यावरही झोप तासाभराहून अधिक कमी झाली होती. माझा एक कप त्याच्या पावपटीच्या आसपास असेल, पण दुपारी मी एकावर कधीच थांबत नसे.

निर्णय: सकाळचा कप राहील, जेवणानंतरचे सगळे बंद. कॅफीन थेट माझा हात हलवतं असं माझ्या कागदावर दिसत नाही. ते झोप मोडतं, आणि झोप मोडली की हातावरचं लक्ष सुटतं.

२३ मार्च

साखर. इथे डोळे झाकता येत नाहीत, जिभेला लगेच कळतं. त्यामुळे या पाळीतल्या निकालाला मी आधीच कमी वजन देते आहे.

अपेक्षा किती बलवान असते याचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १९९४ मध्ये हूवर आणि मिलिच या संशोधकांनी पाच ते सात वर्षांच्या मुलांना साखर नसलेलं गोड पेय दिलं. निम्म्या आयांना सांगितलं की तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली, त्या मुलांच्या अधिक जवळ राहिल्या, त्यांना जास्त टोकत राहिल्या. साखर कुणालाच दिलेली नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी, अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हाही साखरेनं मुलांच्या वागण्यात फरक पडतो असं दिसलं नाही.

माझ्याही बाबतीत हे होऊ शकतं. गोड खाल्लं की "आता होणार" म्हणून हाताकडे ताण घेऊन बघत बसणं, आणि तो ताणच हाताला डोक्याकडे नेणं. त्यासाठी ताईला सांगितलं आहे की या आठवड्यांत केसांबद्दल एक शब्द विचारायचा नाही.

१३ एप्रिल

साखर सोडली, परत घेतली, परत सोडली. पाकिटांत फरक नाही. जेवणाला जोडून खाल्लेलं गोड माझ्या हाताला काही करत नाही. एक बारीक खूण तेवढी आहे. रिकाम्या पोटी नुसतं गोड खाऊन पुढे कितीतरी वेळ काही न खाल्लेल्या दिवसांच्या संध्याकाळी वाईट आहेत. तिथे गुन्हा गोडाचा की नंतरच्या उपवासाचा? पेन्सिलीनं खूण करून ठेवली.

२० एप्रिल

डाळी-कडधान्यं आणि बलक. यामागचं म्हणणं असं की टाळूवर राहणारी मॅलेसेझिया नावाची यीस्ट या पदार्थांमुळे फोफावते, केसांच्या मुळाशी खाज-चुरचुर होते आणि हात तिथे जातो. ही यीस्ट खरोखर असते, जवळपास प्रत्येकाच्या त्वचेवर असते, आणि कोंड्याशी तिचा संबंध चांगला सिद्ध झालेला आहे. तिला स्वतःची मेदाम्लं बनवता येत नाहीत, म्हणून ती त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर जगते. इथपर्यंत सगळं बरोबर. पण डाळ खाल्ली की ते तेल बदलतं आणि यीस्ट माजते, ही मधली कडी कुणी दाखवलेली मला सापडली नाही. आणि टाळूला खाज असेलच तर त्यावर थेट इलाज आहे, कीटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू. त्वचारोगतज्ज्ञ पाच मिनिटांत पाहून सांगतात. माझ्या टाळूला कोंडा नाही.

तरीही करून बघणार आहे. ज्यांनी ही यादी मनापासून पाळली त्यांच्याशी बोलताना "मी करून पाहिलं" एवढं म्हणता आलं पाहिजे.

४ मे

ही पाळी मुदतीआधी थांबवली. डाळी आणि बलक गेल्यावर ताटातलं प्रथिन घटलं, पोट लवकर रिकामं होऊ लागलं, आणि संध्याकाळच्या नोंदी वर गेल्या. दोन्ही परत सुरू केल्यावर त्या खाली आल्या. त्याहून मला वेगळंच काही खुपलं. जेवायला बसल्यावर मी ताटातला एकेक घास संशयानं पाहू लागले होते. मॅडमनी हे आधीच बजावलं होतं. या त्रासाबरोबर चिंता आणि शरम असतेच, त्यात बंदीची लांब यादी पडली की खाण्याची भीती बसू शकते. ज्यांना पूर्वी खाण्याचा विकार होऊन गेला आहे त्यांनी तर असल्या यादीच्या वाटेलाच जाऊ नये, आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या ताटातून डाळ, अंडं काढणं मला साफ नामंजूर आहे. असा त्रास असलेली मुलगी आधीच वर्गात टोपी घालून बसते. घरच्या जेवणात तरी तिच्यावर पहारा नको.

यादी संपली.

११ मे

खाण्यानं सेरोटोनिन, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन, वाढवा, हा सल्ला मला आतापर्यंत अनेकांनी दिला आहे. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, सोबत पिष्टमय पदार्थ. कल्पना अशी की पिष्टानं इन्सुलिन वाढतं, बाकीची अमिनो आम्लं स्नायूंत ओढली जातात, आणि मेंदूत शिरायला ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी मिळते. त्यापासून सेरोटोनिन बनतं. हे रसायनशास्त्र चुकीचं नाही.

पण पर्ड्यू विद्यापीठातल्या जोसेफ गार्नर आणि सहकाऱ्यांचा २०१० चा एक प्रयोग वाचून मी हा सल्ला बाजूला ठेवला. काही उंदीर स्वतःचे आणि पिंजऱ्यातल्या सोबत्यांचे केस उपटतात. ट्रायकोटिलोमेनिया समजून घेण्यासाठी हे उंदीर वापरतात. त्यांना ट्रिप्टोफॅन आणि साधी शर्करा वाढवलेला आहार दिला. मेंदूतलं सेरोटोनिनचं काम वाढलं, आणि उपटणं घटायच्या ऐवजी वाढलं. जे उंदीर आधी उपटत नव्हते त्यांतल्या काहींनी सुरुवात केली, काहींच्या त्वचेवर जखमा झाल्या. उंदराचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही. मात्र या प्रयोगानं दोन गोष्टी माझ्या मनात पक्क्या केल्या. आहार या वागण्याला हलवू शकतो, म्हणजे माझा प्रश्न वेडगळ नाही. आणि तो कोणत्या दिशेनं हलवेल हे पुस्तकी तर्कानं ठरत नाही. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या नेहमीच्या नैराश्याच्या गोळ्याही माणसांतल्या केस उपटण्यावर चाचण्यांत फिक्या पडल्या आहेत, तेही याला धरूनच.

१८ मे

एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. या विषयात खाण्याच्या पूरकांचं नाव निघालं की पहिलं हे निघतं, म्हणून सविस्तर लिहिते.

सिस्टीन या अमिनो आम्लाचं हे एक रूप. रुग्णालयात पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर ते उतारा म्हणून देतात, आणि कफ पातळ करायलाही वापरतात. मेंदूत ते ग्लुटामेट या निरोप पोचवणाऱ्या रसायनाची पातळी सावरतं असा समज आहे, आणि सवय व मोबदला यांच्याशी निगडित भागांत ग्लुटामेटचा मोठा वाटा असतो. २००९ मध्ये जॉन ग्रँट यांच्या गटानं केस उपटणाऱ्या ५० प्रौढांवर बारा आठवडे चाचणी केली. रोज १२०० ते २४०० मिलिग्रॅम. घेणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांना चांगलाच आराम पडला, नुसती लुटुपुटूची, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत १६ टक्क्यांना. आणि फरक दिसायला नववा आठवडा उजाडला. आठवडाभर घेऊन "काही होत नाही" म्हणून सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता दुसरी बाजू. २०१३ मध्ये हेच ३९ मुलांना दिलं गेलं, आणि गोळी व लुटुपुटूची गोळी यांत फरक निघाला नाही. इनॉसिटॉल नावाचं दुसरं पूरक लोक भुकटीनं घेतात, त्याची २०१७ मध्ये ३८ प्रौढांवर चाचणी झाली. त्यातही फरक नाही. ग्लुटामेटचा धागा मात्र तुटलेला नाही. २०२३ मध्ये मेमँटिन या औषधाची १०० प्रौढांवर आठ आठवडे चाचणी झाली, त्यात केस उपटणारे आणि त्वचा कोरणारे असे दोन्ही होते. औषध घेणाऱ्यांत सुमारे ६० टक्क्यांना चांगला आराम, दुसऱ्या गटात सुमारे ८ टक्क्यांना. पण ते औषध आहे, आहार नव्हे.

एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन दुकानात सहज मिळतं म्हणून ते जेवणाचा भाग ठरत नाही. मळमळ होते, पोट बिघडतं, दम्याच्या माणसानं जपायला हवं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "घेऊन बघायला हरकत नाही, पण तुमचं आत्ताचं काम आधी पुरं करा. दोन्ही एकदम केलंत तर मलाही काही सांगता येणार नाही." मला हे उत्तर आवडलं. हे पूरक पुढच्या टप्प्यावर ठेवलं.

२५ मे

पेन्सिलीची खूण आता शाईनं करते. ताईनं सगळ्या महिन्यांच्या नोंदी शेवटच्या खाण्यापासूनच्या तासांप्रमाणे लावून पाहिल्या. काय खाल्लं त्यानं पाकिटं फारशी हलत नाहीत, किती वेळापूर्वी खाल्लं त्यानं हलतात. दुपारच्या जेवणानंतर चार-पाच तास उलटले आणि मी बसून वाचते आहे किंवा पडद्यासमोर आहे, ही माझी सगळ्यात धोक्याची वेळ.

"तुला भूक लागलीय हे तुला कळतं तरी का तेव्हा?" ताईनं विचारलं. नाही कळत. पोटात काही जाणवत नाही. अस्वस्थ वाटतं, बोटं काहीतरी शोधू लागतात.

नुसत्या मागे वळून लावलेल्या तक्त्यावर भागायचं नाही. आता बदल करून, काढून, पुन्हा करून पाहायचं. एक आठवडा संध्याकाळच्या आधी ठरल्या वेळी खाणं, त्यात प्रथिन असलंच पाहिजे. पुढचा आठवडा पूर्वीसारखं. असं आलटून पालटून.

१५ जून

खाण्याच्या आठवड्यांत संध्याकाळची पाकिटं हलकी, न खाण्याच्या आठवड्यांत जड, आणि हे प्रत्येक पालटीला तसंच. मोजपट्टी खाण्याच्या आठवड्यांत १४ च्या आसपास, नाहीतर १७. या प्रकल्पातला हा पहिला फरक ज्यावर मी विश्वास ठेवते. मी एकच माणूस आहे, त्यामुळे हा निकाल माझ्यापुरताच. पण मोजायची रीत कुणालाही उचलता येईल.

बघायचं राहतं ते हे की "ज"च्या नोंदी, जाड केस शोधून उपटण्याच्या, जागच्या हलल्या नाहीत. पोट भरलेलं असो की रिकामं.

२२ जून

म्हणून आता हॅबिट रिव्हर्सल, म्हणजे सवय मोडण्याचा एक वर्तनोपचार. अ‍ॅझ्रिन आणि नन यांनी १९७३ मध्ये ही पद्धत मांडली, आणि केस उपटण्यावर आजही सगळ्यात भक्कम पुरावा तिच्याच बाजूचा आहे. हात निघण्याआधीची खूण ओळखायची. माझा खांदा आधी वर येतो, मग कोपर टेकतं. खूण दिसली की मूठ आवळून हात मांडीवर, ओढ ओसरेपर्यंत. सोबत जागेची तयारी हवी. वाचताना बोटांच्या टोकांना चिकटपट्टी, आरशासमोरचा झगझगीत दिवा काढून टाकलेला.

मॅडमनी विचारलं, "उपटल्यावर तुम्हाला नेमकं काय हवं असतं?" मला हवा असतो तो मुळाचा ओलसर, किंचित कडक स्पर्श ओठांवर. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या सहज म्हणाल्या, "मग ओठांना आणि दातांना दुसरं काही देऊ या." आहाराचा दुवा इथे अनपेक्षितपणे जुळला. वाचायला बसताना जवळ कच्च्या गाजराचे पातळ काप आणि भाजलेल्या बिया. चावताना कुरकुर आवाज होतो, तोंड गुंतून राहतं, आणि बी सोलायला दोन्ही हात लागतात.

६ जुलै

"ज"च्या नोंदी पहिल्यांदाच उतरल्या. मोजपट्टी १०. यातला बहुतांश उतार हॅबिट रिव्हर्सलचा आहे याबद्दल मला शंका नाही. पण संध्याकाळचं खाणं चुकतं त्या दिवशी मूठ आवळायचं सुचतच नाही, खांदा वर आलेला लक्षातच येत नाही. भुकेल्या, झोपमोड झालेल्या अवस्थेत ती खूण दिसत नाही आणि शिकलेलं वापरता येत नाही. माझ्या आहाराचं काम एवढंच, पण ते काम खरं आहे.

२० जुलै

फोटो. मधल्या भांगाजवळ बोटभर लांबीचे केस. ताईनं जुना फोटो शेजारी धरून दाखवला. मला खूप आनंद झाला आणि मी तो लपवला नाही.

२७ जुलै

पुढच्या टप्प्याची आखणी. खाण्याच्या नोंदी बंद करते. रोज काय खाल्लं हे लिहीत राहण्याची आता गरज नाही, आणि ते लिहिणं स्वतःच एक ओझं होऊ लागलं आहे. संध्याकाळच्या खाण्याची वेळ, झोपेचे तास, "अ" आणि "ज" हे चारच रकाने राहतील. जेवणानंतर कॅफीन नाही. डाळ, अंडं, गोड, सगळं ताटात परत. लोहाच्या गोळ्यांबद्दल फेरिटिन पुन्हा तपासून डॉक्टर सांगतील. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन सुरू करायचं का, हे त्याच भेटीत ठरेल. करायचं ठरलं तर बारा आठवडे पूर्ण, मोजपट्टी दर रविवारी, आणि त्या काळात बाकी काहीही बदलायचं नाही.